कांदे-खोबरं खाणारा कांडेचोर

चहा घ्या तुम्ही, गार होईल. मी सांगते सगळं, पण एका अटीवर. मधेच कुणी 'अगं बाई, तुला कळलं कसं नाही?' असं विचारायचं नाही. हा प्रश्न आख्ख्या गावानं मला विचारून झालाय आणि त्याचं उत्तर माझ्याजवळ नाही. इंटर सायन्सपर्यंत शिकलेल्या बाईनं स्वतःच्या हातानं स्वतःची एवढी शोभा करून घेतल्याचं दुसरं उदाहरण पलूसपासून शिरवळपर्यंत सापडायचं नाही, एवढं आधीच कबूल करून टाकते.

मी भित्री. हे तुम्हाला नव्यानं सांगायला नको. कॉलेजात बेडूक कापायच्या तासाला बेडकानं पाय झटकला आणि मी शेजारणीच्या अंगावर पडले. ती पडली बरणीवर आणि बरणी पडली सरांवर. टांग्याचा घोडा शिंकला तरी माझ्या हातातली पुस्तकं खाली. दार वाजलं की आधी दचकायचं आणि मग 'कोण?' म्हणायचं, हा माझा ठरलेला क्रम.

अशा मला दिली कुठे? सांगलीच्या पेठेतून उचलून पलूसच्या अलीकडच्या एका खेड्यात, गावाच्या अगदी कडेच्या घरात. परसदार संपलं की ऊस सुरू. तो संपतो कुठे, हे मी अजून पाहिलेलं नाही. आमचे हे पलटणीत हवालदार. लढाई ऐन भरात आलेली. लग्नाला रजा मिळाली बारा दिवसांची, त्यातले चार प्रवासात गेले. नवव्या दिवशी घरात उरलो आम्ही तिघं: आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, मामंजी म्हणजे सासरे, आणि मी. आणि दाराशी तो ऊस.

आणखी एक गोष्ट इथेच सांगून ठेवते. माझे सख्खे मामा पोलिसात फौजदार. लग्नात ते पट्टा-टोपीसकट आले, तेव्हा वराकडच्या पंगतीतली निम्मी माणसं ताटावरून उठून गेली. दिवस चळवळीचे होते, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. पण मला वाटलं, खेड्यातली माणसं आहेत, साहेब बघून बुजली असतील.

तर कोंबड्या. घरात नऊ कोंबड्या आणि एक कोंबडा. कोंबडा साधासुधा नव्हता, नवसाचा होता. हे आघाडीवर निघाले त्या दिवशी आत्याबाईंनी शिवेवरच्या म्हसोबाला शब्द दिला होता, 'माझं पोरगं धडधाकट परत आलं की ह्यो कोंबडा तुझा.' तेव्हापासून त्याला कुणी कोंबडा म्हणत नसे. तो 'देवाचा'. तांबडालाल, एका पायाची नखी तुटलेली, आणि स्वभावानं थेट आमच्या कॉलेजातल्या परीक्षेच्या पर्यवेक्षकांसारखा. मान वाकडी करून असा बघायचा, की मी काही न करताही ओशाळी व्हायची.

आत्याबाईंनी पहिल्याच आठवड्यात मला खुराड्यापाशी नेलं. दगडमातीचं खुराडं, फळीचं दार, दाराला लोखंडी कडी.

"हे आता तुझ्याकडं," त्या म्हणाल्या. "सांजला आत घालायच्या, मोजायच्या, कडी लावायची. सकाळी सोडायच्या. जमंल नव्हं शिकलेल्या बाईला?"

"जमेल."

"आन् देवाच्याला जप. त्येचं काय बरंवाईट झालं तर..."

वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. करायची गरजही नव्हती. त्या रात्री माझ्या डोळ्याला डोळा नाही. समुद्रापार लढाईवर असलेल्या माणसाचा जीव मला त्या तांबड्या पिसांत दिसायला लागला. कोंबडा खोकला तरी मी कंदील घेऊन धावायची. कोंबडे खोकतात, हेही मला तोवर माहीत नव्हतं.

पंधरा दिवस बरे गेले. मग एका बुधवारी सकाळी मोजल्या, तर आठ.

मी पुन्हा मोजल्या. शेवटून मोजल्या. आठच. चुलीपुढे जाऊन उभी राहिले.

"आत्याबाई, एक कमी आहे."

"कोल्हा," आत्याबाई तव्यावरची भाकरी उलटत म्हणाल्या.

त्याच क्षणी पडवीतून मामंजी म्हणाले, "मुंगूस."

मग दोघं एकमेकांकडे बघत राहिले.

"कोल्हा की मुंगूस?" मी विचारलं.

"आदी मुंगूस आलं आसंल," मामंजी जरा विचार करून म्हणाले, "मग त्येच्या वासानं कोल्हा."

"पण पिसं नाहीत कुठे. रक्त नाही. आणि कडी लावलेलीच आहे."

"लय शाणं जनावर हाय त्ये," आत्याबाई म्हणाल्या. "देवाच्याला धक्का न्हाई ना? मग झालं तर. जा, दूध बघ, उतू चाललंय."

मला त्यांच्या धीराचं नवल वाटलं. खुराड्यातून रातोरात कोंबडी नाहीशी होते, उद्या नवसाचा कोंबडा जायचा, आणि ही बाई भाकरी थापतेय. म्हटलं, याला म्हणतात फौजेतल्या माणसाची आई.

चार दिवसांनी दुसरी गेली. मग मी शेजारच्या बानूचाचींकडे गेले. चाची तांबोळ्यांच्या, त्यांच्याही पाच-सहा कोंबड्या होत्या.

"चाची, तुमच्या जातात का हो?"

"जातात की. परवाच एक गेली."

"कुणी नेली?"

चाचींनी कातरलेली सुपारी तोंडात टाकली आणि आमच्या घराकडे एकदा बघितलं. "तुझी सासू काय म्हणती?"

"कोल्हा."

"मंग कोल्हाच," चाची म्हणाल्या.

आता तुम्हीच सांगा, शास्त्र शिकलेल्या मुलीला हे पटावं? मी ट्रंकेतली कोरी वही काढली आणि रीतसर निरीक्षणं लिहायला बसले. एक, जनावर दर चार-पाच दिवसांनी येतं. दोन, एका वेळी एकच कोंबडी नेतं, हावरट नाही. तीन, कडी काढतं आणि जाताना परत लावतं. यावरून पुढच्या पायांचे पंजे माणसाच्या हातासारखे असावेत.

चौथा शोध मला उकिरड्यात लागला. केर टाकायला गेले तर शेणाखाली पिसं पुरलेली. सगळी, नीट, एका खड्ड्यात. मी थक्क. वहीत लिहिलं, 'भक्ष्याची पिसं पुरून ठेवण्याची सवय. प्राणी अत्यंत बुद्धिमान.'

आणि पाचवा शोध तर असा, की माझा माझ्यावरच विश्वास बसेना. कोंबडी गेली त्या प्रत्येक दिवशी स्वयंपाकघरातले दोन-तीन कांदे आणि सुक्या खोबऱ्याची एक वाटीही गेलेली असायची. मी आत्याबाईंना दाखवलं. त्यांनी टोपलीतले उरलेले कांदे दोनदा खालीवर केले.

"कांडेचोर आसंल," शेवटी म्हणाल्या. "त्येला कांदा लय आवडतो."

कांडेचोर! हे नाव मी पुस्तकात वाचलं होतं. मांजराएवढा, काळपट, लांब शेपटीचा, कौलांवरून हिंडणारा. फळं खातो, पिल्लं पळवतो. कांद्याचा उल्लेख पुस्तकात नव्हता, पण पुस्तकं लिहिणारे आमच्या गावी कुठे आले होते? मी वहीत लिहिलं, 'कांदे, खोबरं. एकदा लवंगाही.' आणि खाली रेघ मारली.

हसताय तुम्ही. हसा, पण तो प्रश्न मात्र नको.

मग मी उपाय सुरू केले. पहिला उपाय तिखटाचा. संध्याकाळी कोंबड्या आत घातल्यावर कडीला आणि फळीला सढळ हातानं लवंगी मिरचीची पूड चोळली. जनावर पंजा लावेल, पंजा तोंडाला लावेल, आणि जन्माची अद्दल घडेल.

सकाळी कोंबडी गेलेली होतीच. पण आत्याबाईंचे डोळे लाल भडक सुजलेले, नाकातून धार, सारख्या शिंकत होत्या.

"काय झालं, आत्याबाई?"

"सर्दी," त्या म्हणाल्या आणि इतक्या जोरात शिंकल्या की मी उडाले.

मी त्यांना आलं-गवती चहाचा काढा करून दिला. दिवसभर डोळ्यांवर दुधाच्या घड्या ठेवल्या. जनावर मात्र तिखटाला दाद देत नाही, असं वहीत नोंदवलं.

दुसरा उपाय राखेचा. खुराड्यापुढे चुलीतली राख चाळून अंथरली, की पावलांचे ठसे उमटतील आणि जात ओळखता येईल. सकाळी जाऊन बघते तर राख अशी एकसारखी झाडलेली, जशी दिवाळीचं अंगण. एक ठसा नाही. मी तिथंच उकिडवी बसले आणि विचार केला. अर्ध्या तासानं मला उलगडा झाला. मी धावत घरात आले.

"मामंजी, तो शेपटीनं खुणा पुसत जातो."

मामंजी तंबाखू मळत होते. हात थांबला. त्यांनी आत्याबाईंकडे बघितलं. आत्याबाई पाठ फिरवून उभ्या होत्या आणि त्यांचे खांदे हलत होते. मला वाटलं, पुन्हा सर्दी.

"पोरी," मामंजी फार गंभीरपणे म्हणाले, "तू येवढी शिकलीस ते काय वाया गेलं न्हाई."

मला भरून आलं. लग्नानंतर या घरात माझं झालेलं ते पहिलं कौतुक.

पण कौतुकानं कोंबड्या वाढत नाहीत. महिन्याभरात नवाच्या तीन राहिल्या. हिशेब साधा होता, तीन कोंबड्या संपल्या की पाळी देवाच्याची. आत्याबाई रोज संध्याकाळी पाटीभर भाकऱ्या घेऊन मळ्यात जायच्या, गड्यांना द्यायला. गडी दोन आणि भाकऱ्या वीस. कष्टाची माणसं, भूक असणारच. मी घरात एकटी, कोंबड्याकडे बघत. त्यात यांचं पत्र महिनाभर आलेलं नव्हतं. मी आत्याबाईंना रडत म्हटलं, "देवाच्याला नेलं तर काय करायचं?"

"त्येला कोण हात लावत न्हाई," त्या म्हणाल्या. "माझा शब्द हाय."

कांडेचोराच्या वतीनं या शब्द कसा देतात? मला काही हा विश्वास परवडण्यासारखा नव्हता. त्या रात्रीपासून मी देवाच्याला माझ्या खोलीत आणला. बाजेशेजारी डालगं उपडं घातलं, म्हणजे कोंबड्या झाकायची वेताची मोठी पाटी, आणि त्याखाली त्याला ठेवलं. उशाशी पितळेची थाळी आणि पळी घेतली. काही हललं की वाजवायची, गाव जागं होईल, माणसं काठ्या घेऊन धावतील. साधा, सरळ विचार. हा विचार करण्यापूर्वी मी एका शब्दानं कुणाला विचारलं असतं तर?

पण मी विचारलं नाही.

तिसऱ्या रात्री मला वासानं जाग आली. कसला वास म्हणून सांगू? करपलेला भात, जुनं तेल आणि ओलं घोंगडं एकत्र केलं तर येईल तसा, आणि इतका उग्र की डोळ्यांत पाणी यावं. वर कौल सरकलं. चांदण्याचा एक तुकडा जमिनीवर पडला, आणि त्या तुकड्यातून काळं, लांब, शेपटीवालं काहीतरी थबकन डालग्यावर उतरलं. दोन डोळे चमकले.

माझ्या अंगात काय संचारलं मला ठाऊक नाही. थाळी आणि पळी घेऊन मी ओरडत बाहेर पडले ती अंगणातून थेट गल्लीच्या तोंडाशी. आणि बडवायला लागले. देवळातल्या आरतीला कुणी वाजवली नसेल अशी ती थाळी मी वाजवली.

आता पुढचं नीट ऐका.

मला वाटलं होतं, दिवे लागतील. तर जे दोन-चार दिवे लागलेले होते ते विझले. पटापट. दारं मात्र सगळी उघडली आणि त्यातून माणसं बाहेर पडली, पण माझ्याकडे कुणी येईना. सगळी उसाकडे. धोतरं सावरत, एकमेकांना ढकलत, तोंडातून अवाक्षर न काढता. साठी ओलांडलेले आमचे मामंजी परसाची कंबरभर भिंत एका ढांगेत ओलांडून गेले. आमच्या कडब्याच्या गंजीतून तीन अनोळखी गृहस्थ निघाले, त्यातल्या एकाला चष्मा होता, आणि तेही उसात शिरले.

माझे डोळे भरून आले. एका कोंबड्यासाठी आख्खा गाव धावला. शेजारच्या गावची माणसंसुद्धा आली. फक्त बिचारी चुकीच्या दिशेला चालली होती. म्हणून मी थाळी आणखी जोरात वाजवत ओरडले, "तिकडं नाही हो, तिकडं नाही! इकडं आहे, आमच्या घरात!"

हे ऐकून जे थोडे मागे रेंगाळत होते तेही पळाले.

तेवढ्यात आत्याबाईंनी येऊन माझं मनगट धरलं. "कुठनं आलं? किती हायती?"

"एकच आहे, आत्याबाई."

"एकच? एकटाच आलाय? कुठं हाय?"

"कौलावरनं उतरला."

"कौलावर कशाला चढला त्यो मुडदा?"

"कोंबडा न्यायला."

आत्याबाईंनी माझं मनगट सोडलं. पायरीवर बसल्या. दोन्ही हात कपाळाला लावले. आणि तेव्हा मला आठवलं, की ज्याच्यासाठी एवढं केलं तो देवाचा मी आत त्या जनावराबरोबर ठेवून आले आहे.

तुम्ही मला ओळखता. पालीला भिऊन मी खोली बदललेली तुम्ही पाहिलीय. पण त्या क्षणी मला यांचं न आलेलं पत्र दिसलं, दुसरं काही नाही. मी आत गेले. अंधारात फडफड, फिसकारणं, डालगं लोळतंय. मी डालगं दोन्ही हातांनी उचललं, जिथे जास्त फिसकारत होतं तिथे आपटलं आणि वर बसले.

खाली काहीतरी धडका देत होतं. काय होतं? तो की हा? मी डोळे मिटून बसले आणि म्हसोबाला म्हटलं, मी शिकलेली आहे, माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही, पण खाली कोंबडा असू देऊ नकोस.

मग ट्रंकेच्या मागून, अगदी रागावलेल्या आवाजात, देवाचा आरवला. शेपटीची चार पिसं गेली होती, बाकी धडधाकट.

जिंकले होते मी. पण उठायचं कसं? उठले तर ते बाहेर येणार. तेव्हा उरलेली रात्र मी डालग्यावर बसून काढली. उजाडताना मामंजी उसातून परत आले, पायाला चिखल, गालावर उसाच्या पात्याचे ओरखडे. त्यांनी डालगं तसंच जमिनीवरून सरकवत अंगणात नेलं आणि वर पाटा ठेवला. "लांबपर्यंत पाठलाग केलात वाटतं," मी कृतज्ञतेनं म्हटलं. ते नुसते "हूं" म्हणाले.

सकाळचे नऊ वाजले असतील. तालुक्याच्या गावाहून जमादार आला, बरोबर दोन शिपाई. अंगणात उभा राहून त्यानं काठी जमिनीवर आपटली.

"रात्री थाळी वाजली. सगळा गाव उसात पळाला. इथं कोण दडून बसलेलं होतं?"

मामंजी गप्प. कुंपणापलीकडे बानूचाची गप्प.

"बोलत न्हाई? बांधा म्हाताऱ्याला. चौकीवर बोलेल."

शिपाई पुढे झाले आणि मला काही सुचेना. एका कांडेचोरासाठी मामंजींना बेड्या? मी पदर घेऊन पुढे आले.

"थाळी मी वाजवली."

आत्याबाईंचा चेहरा भिंतीसारखा पांढरा झाला.

"तुम्ही?" जमादार म्हणाला. "का?"

"जनावर आलं होतं. महिनाभर येतंय. माझ्याकडे सगळी नोंद आहे."

आणि मी वही आणली. काय करू? खरं बोलणाऱ्याला भीती कसली, असं मला वाटत होतं. मी अंगणाच्या मधोमध उभी राहून, वर्गात प्रयोगाचा अहवाल वाचतात तशी, पहिल्या पानापासून वाचायला लागले. दर चार-पाच दिवसांनी येतो. एका वेळी एक कोंबडी नेतो. कडी काढतो आणि परत लावतो.

"परत लावतो?" जमादार म्हणाला.

"हो. पिसं उकिरड्यात पुरतो. राखेवरच्या खुणा पुसून टाकतो. कांदे नेतो, सुकं खोबरं नेतो. एकदा लवंगा."

आत्याबाईंनी डोळे मिटले. मामंजी आकाशाकडे बघत होते. जमादाराच्या मिशा हळूहळू वर चढायला लागल्या.

"बाई," तो अगदी गोड आवाजात म्हणाला, "हे तुमचं जनावर किती पायांवर चालतं?"

"चार," मी म्हटलं. "पकडलंय ना मी रात्री. हे काय, डालग्याखाली आहे."

जमादारानं डालग्याकडे बघितलं. वर पाटा ठेवलेला बघितला. मग मामंजींकडे बघून तो असा हसला, की आता सापडलात.

"डालग्याखाली. असं. वर पाटा ठेवून. पत्रकं हायत का पिस्तुलं?"

"उचलू नका," मी म्हटलं. "घाबरलेलं आहे ते."

"व्हय, घाबरलेलं आसणारच," जमादार म्हणाला. त्यानं स्वतःच्या हातांनी पाटा बाजूला केला, गुडघे टेकले, तोंड खाली नेलं आणि डालगं उचललं.

रात्रभर कोंडलेल्या कांडेचोरानं शेपटी वर केली.

मी काय वर्णन करू? रात्रीचा वास म्हणजे अत्तर म्हणायची पाळी. जमादार मागच्या मागे बसला. टोपी गेली, काठी गेली, खाकी कोटाच्या पुढच्या भागावर तेलकट पिवळं ओघळत होतं. ते जनावर त्याच्या मांडीवरून उडी मारून भिंतीवर, भिंतीवरून कौलावर आणि कौलावरून दिसेनासं झालं. एका शिपायानं नाक दाबलं आणि दुसऱ्यानं तोंड फिरवलं, पण त्याचा हसण्याचा आवाज काही फिरला नाही.

मी मात्र हळहळले. "उचलू नका म्हटलं होतं मी. मामासुद्धा नेहमी सांगतात, पोलिसांनी आधी विचारावं."

"कोण मामा?" जमादार नाक धरून म्हणाला.

मी मामांचं नाव सांगितलं. जमादार उठून उभा राहिला. त्या अवस्थेत त्यानं मला सलाम केला.

"फौजदारसाहेबांच्या भाची होय? आदी सांगायचं न्हाई का, बाई?" मग शिपायाकडे वळून म्हणाला, "लिवून घे. थाळी जनावरासाठी वाजली. जनावर समक्ष पाह्यलं."

"वासाचं लिवू का?" शिपायानं विचारलं.

त्याचं उत्तर इथं सांगण्यासारखं नाही.

ते वेशीबाहेर जाईपर्यंत कुणी हललं नाही. मग मामंजी पुढे आले, माझ्या हातातली वही त्यांनी काढून घेतली आणि सरळ चुलीत घातली.

"मामंजी!"

"बस खाली," आत्याबाई म्हणाल्या. "कोंबड्या मी न्हेल्या."

"काय?"

"सगळ्या. मीच. गंजीत माणसं व्हती चळवळीची. दोन-दोन दिस उपाशी यायची. त्यास्नी काय नुस्ती चटणी घालू? कांदं मीच न्हेलं, खोबरं मीच न्हेलं. पिसं मी पुरली."

"आणि राख?"

"केरसुणीनं झाडली. शेपूट कुठलं आणू मी?"

मला एकदम आठवलं. "मग ते डोळे? ती सर्दी?"

"दोन दिस आंधळी व्हते," आत्याबाई म्हणाल्या. "आन् वर तू काढा पाजत व्हतीस."

जमीन पोटात घेईल तर बरं, असं झालं मला. "आणि थाळी?"

"थाळी म्हंजी पोलीस आलं," मामंजी म्हणाले. "गावाची खूण हाय. पाळण्यातलं पोर बी सांगंल."

"मग मलाच तेवढं का नाही सांगितलं?"

कुंपणापलीकडून बानूचाचींनी उत्तर दिलं. "तुझा मामा, पोरी."

मी खूप रडले. म्हटलं, मी काय तुमची नाही? देवाच्यासाठी त्या जनावराच्या अंगावर गेले ना मी? आता यापुढे मला सगळं सांगत जा. मीही भाकऱ्या नेईन, मीही पिसं पुरेन.

मामंजींनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. असा हात त्यांनी आधी कधी ठेवला नव्हता.

"पोरी, तुला ठावं आसतं तर आज तू जमादाराम्होरं अशी बोलली आसतीस?"

मी विचार केला. माझी जीभ अडखळली असती आणि त्यानं दोन मिनिटांत सगळं काढून घेतलं असतं.

"नाही," मी म्हटलं.

"मग झालं तर. तुला कायबी सांगायचं न्हाई. गावाचं ठरलंय."

आणि खरंच त्यांनी सांगितलं नाही. सबंध गावानं पाळलं ते. मी समोर दिसले की दोन माणसं बोलता बोलता उसाच्या भावावर यायची. जमादार पुढेही तीनदा आला, लांब उभा राहूनच बोलायचा. दर वेळी मामंजी म्हणायचे, "आमच्या सूनबाईस्नी इचारा. त्या खोटं बोलत न्हाईत." मी पुढे व्हायची आणि मला जे ठाऊक होतं ते सगळं सांगायची. पाच मिनिटांत संपायचं. तो समाधानानं परत जायचा.

लढाई संपली आणि हे परत आले, दोन्ही हातापायांनी, थोडे काळवंडलेले. नवस फेडला. मी त्या दिवशी पिठलं-भाकरी खाल्ली आणि मागच्या दारी जाऊन थोडं रडून घेतलं. आत्याबाईंनी पाहिलं आणि माझ्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला.

आणि मग स्वराज्य आल्यावर गावात सभा झाली, भूमिगतांना आसरा देणाऱ्या घरांच्या सत्काराची. चष्मेवाले गृहस्थ आता पुढारी झाले होते, तेच अध्यक्ष. त्यांनी माझं नाव पुकारलं. म्हणाले, सख्खे मामा पोलिसात असून या भगिनीनं चार वर्षं एक अक्षर बाहेर फुटू दिलं नाही. एवढी गुप्तता त्यांनी कशी राखली, हे त्यांनी दोन शब्दांत सांगावं.

मी उभी राहिले. समोर हजार माणसं, पाठीमागच्या खुर्चीवर आत्याबाई. मला खोटं बोलता येत नाही, हे तर आख्ख्या गावाला माहीत. मी खरं तेच सांगितलं.

"मला कुणी काही सांगितलंच नव्हतं."

अध्यक्ष गहिवरले. म्हणाले, केवढा हा विनय. टाळ्या काही केल्या थांबेनात. मी पुन्हा बोलायला तोंड उघडलं, तशी आत्याबाईंनी मागून माझा पदर ओढला.

"बस खाली," त्या कुजबुजल्या, "न्हाईतर आता खरंच समद्यांस्नी कळंल."